डावीकडचं दार

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझं काही जात नाही.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र हवी, वारा हवा, बंद पडलेली गाडी हवी. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. जानेवारी महिना होता, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा. भर दुपार. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. आणि गाडी बंद पडली नाही...

बंद पडली असती तर फार बरं झालं असतं.

मी रेलीन. ब्रोकन हिलच्या उत्तरेला बरानिला नावाचं आमचं मेंढ्यांचं रान होतं. होतं म्हणते, कारण त्या वर्षी ते विकलं गेलं. दुष्काळाने मेंढ्या संपल्या, बाबांना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मागे उरली ती एक गाडी.

आजोबांची होल्डन. फिक्कट हिरवी, गोल पाठीची, पुढे एकच लांब सीट. लोकरीला सोन्याचा भाव होता तेव्हा आजोबांनी कोरी घेतली. त्यांच्यानंतर ती बाबांनी चालवली आणि बाबांनंतर ती माझ्याकडे आली. माझ्या दोन खोल्यांच्या घरापुढे गाडी काय, सायकल उभी राहायची मारामार. मग विकायचं ठरवलं. अ‍ॅडलेडचा वॉरिक नावाचा एक हौशी माणूस घ्यायला तयार झाला.

बाबांना सांगायला गेले. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत.

"विकायची तर वीक," बाबा म्हणाले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं. "पण घेणाऱ्याला नीट सांग. फाटकाशी थांबायचं. डावं दार लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"बाबा, अ‍ॅडलेडमध्ये कसली आलीत फाटकं? सिग्नल असतात तिथे."

बाबांनी चांगल्या हाताने माझी बाही धरली.

"मग नोला बसणार कुठे?"

आता नोलाबद्दल सांगायला हवं.

नोला बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या. मी तिला कधी पाहिलं नाही. आमच्या रानात घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं म्हणजे तीन फाटकं लागतात. रिवाज असा, की गाडीत डावीकडे बसेल त्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पुढे गेली की लावायचं आणि परत येऊन बसायचं. आणि रिवाजाइतकीच जुनी एक थट्टा. फाटक लावून माणूस दारापाशी आला, की चालवणाऱ्याने गाडी हातभर पुढे घ्यायची. तो पुन्हा आला, की पुन्हा पुढे. मग मागचा माणूस डिकीवर थापा मारतो, आईबहिणीचा उद्धार करतो, सगळे हसतात. आमच्याकडे ही थट्टा केली नाही असा माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या.

बाबा तेव्हा बाविशीचे होते. नोला एकोणीसची. दोघं होल्डन घेऊन शहरात नाचाला निघाली होती. तिसऱ्या फाटकाशी, म्हणजे हौदाच्या फाटकाशी, नोला उतरली. बाबांनी गाडी एकदा पुढे घेतली. दुसऱ्यांदा घेतली. नोला हसत होती, डिकीवर थापा मारत होती.

तिसऱ्यांदा बाबांनी गाडी सुसाट काढली... थेट टेकाडापलीकडे.

तिकडे थांबून त्यांनी सिगारेट वळली. म्हटलं, येईल शिव्या घालत.

नोला आली नाही.

बाबा परत गेले. फाटक लावलेलं होतं. साखळीचे खांबाला दोन वेढे आणि कडी खालून अडकवलेली, अगदी आजोबांनी शिकवली होती तशी. सपाट, मोकळी जमीन. लपायला एक झाड नाही. आणि माणूस नाही.

आजोबा आले, त्यांनी मातीतली पावलं पाहिली. फाटकापासून पावलं निघाली होती. जिथे गाडी पहिल्यांदा थांबली तिथवर आली. दुसऱ्यांदा थांबली तिथवर आली. आणि जिथून बाबांनी गाडी सुसाट काढली, बरोबर तिथे, डाव्या दारापाशी... संपली.

आजोबा बाबांना म्हणाले, "मर्व, ती गाडीत बसलीय."

बाबांनी वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

नोला पुन्हा कुणालाच सापडली नाही. पोलिस आले, शेजारपाजारचे आले, विमानही फिरलं. पण त्या दिवसापासून बाबा गाडीत एकटे असोत की घर भरून माणसं असोत, पुढे डावीकडे कुणी बसायचं नाही. फाटक बाबा स्वतः उघडायचे, स्वतः लावायचे. मग डावं दार उघडून बाजूला उभे राहायचे. थोडा वेळ. मग हळूच दार लावायचे. आई मागच्या सीटवर आम्हा पोरांमध्ये चेंगरून बसलेली. ती म्हणायची, "बसू द्या हो तुमच्या बहिणीला ऐसपैस. आम्ही काय, मेंढ्याच!"

आम्ही हसायचो. बाबा हसायचे नाहीत.

"तिला एकदाच मागे सोडलं," ते त्या दिवशी वृद्धाश्रमात मला म्हणाले. "नंतर कधी नाही सोडलं, रेलीन. कधीच नाही. मी नसताना तिला कोण घेईल?"

मी त्यांचा हात थोपटला. सांगते म्हटलं वॉरिकला. मनात म्हटलं, वेड लागलंय म्हाताऱ्याला. कीव आली, आणि थोडा रागही आला. आमचं अख्खं बालपण त्या खुळाने मागच्या सीटवर कोंबलं होतं.

गाडी आणायच्या दिवशी शेजारच्या रानातल्या कॉलिनने मला त्याच्या पिकअपमधून घरापर्यंत सोडलं. कॉलिन बाबांच्या वयाचा, त्यांचा जुना दोस्त. पण इकडे वय बघून कुणी अहो-जाहो करत नाही. जाताना फाटकं मीच उघडली, कारण डावीकडे मी होते. हौदाचं फाटक लावून आले तेव्हा कॉलिन खिडकीतून बाहेर बघत होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर.  मी बसून दार ओढलं तरी त्याने मान वळवून नीट पाहिलं, लागलंय का. पुढच्या फाटकाशी मात्र म्हाताऱ्याने गाडी दोनदा पुढे घेतली.

"मर की मेल्या!" मी मागच्या पत्र्यावर थाप मारली.

"वजन वाढलंय तुझं, पळवावं म्हटलं जरा," तो खिदळत म्हणाला. "आणि साखळी बघ, अजून दोन वेढे. तुमच्या घराण्याला एका वेढ्याने झोप येत नाही."

घराशी मला उतरवून तो मोठ्या रस्त्याकडे परत गेला. वॉरिक तिथे ट्रक घेऊन थांबणार होता. आत ओढ्याची वाळू फार, त्याचा ट्रक रुतला असता. म्हणजे होल्डन मीच बाहेर काढायची, आणि एकटीने.

जाताना कॉलिन एवढंच म्हणाला, "मर्वने सांगितलंय ना तुला? करशील ना तसं?"

"करते रे बाबा," मी म्हटलं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रिकाम्या घराकडे मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मला रडायला वेळ नव्हता.

पहिलं फाटक. उतरले, उघडलं, गाडी पुढे घेतली, मागे जाऊन लावलं. डाव्या दाराचं ते खूळ करायचं का? आजूबाजूला कावळासुद्धा नव्हता. तरी लाज वाटली मला. नाही केलं.

परत येऊन बसले, तर...

डावं दार अर्धवट उघडं होतं.

म्हटलं, खटका सैल झाला असेल. जुनी गाडी आहे. हात लांब करून दार ओढून घेतलं. दार लागलं, आणि माझ्या शेजारी सीटची स्प्रिंग करकरली. वजन पडल्यावर करकरते ना, तशी.

मी तिकडे बघितलं नाही. रेडिओ लावला. त्यावर नुसती खरखर. बंद केला.

मग लक्षात आलं, की बाहेर काहीच आवाज नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे किडे कान किटवतात. त्या दुपारी एकही किडा ओरडत नव्हता. इंजिन, आणि स्प्रिंगची बारीक करकर, प्रत्येक खड्ड्याला. दोन्ही बाजूंना. माझ्याही खाली, आणि शेजारीही.

दुसरं फाटक आलं. गाडी थांबवली. उतरायला दाराच्या कडीवर हात ठेवला...

टक्.

आवाज माझ्या दाराचा नव्हता.

डावं दार उघडलं. स्प्रिंग वर आली. मातीवर पावलं वाजली, टाचांच्या बुटांची, घाई नसलेली. पुढे फाटकाची साखळी खळखळली. आधी कडी, मग एक वेढा, मग दुसरा. आणि फाटक उघडलं. सावकाश, पूर्ण. तिथे कुणीही नव्हतं.

 एवढ्या उन्हात दात वाजत होते माझे. परत फिरावं म्हटलं तर मागे काय होतं? रिकामं घर. मी गाडी फाटकातून पुढे घेतली आणि थांबले. हिंमत नव्हती ती. आयुष्यभराची सवय, पायाने आपोआप ब्रेक दाबला.

मागे फाटक लागलं. साखळी वाजली. पावलं परत आली. दार ओढलं गेलं.

सीट दबली.

"आत्या?" मी म्हटलं. 

स्प्रिंग तेवढी करकरली. पण मला एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या सीटवरून मला काही वाईट जाणवलं नाही. नाचाला निघालेली एक मुलगी, एवढंच. आपलं काम करून मुकाट बसलेली. मी तेवढं लक्षात ठेवलं असतं तर... पण भीतीला कुठे अक्कल असते?

पुढे हौदाचं फाटक दिसायला लागलं. तसं माझं उरलंसुरलं अवसान गळालं. डोक्यात एकच गोष्ट होती. इथेच. इथेच ती गेली.

गाडी थांबली. टक्. दार उघडलं. स्प्रिंग वर. पावलं. कडी, वेढा, वेढा. फाटक उघडलं.

मी गाडी पुढे घेतली.

थांबायचं होतं. मला पक्कं माहीत होतं. बाबांचे शब्द कानात होते. मागे साखळी वाजत होती, ती फाटक लावत होती, दोन वेढे नीट देत होती. कुणाचं फाटक उघडं टाकायचं नाही म्हणून.

आणि माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला.

डावं दार उघडंच होतं, हवेत आपटत होतं. मागे पावलं पळायला लागली. मग डिकीवर थाप पडली. थप. थप. आणि हसू ऐकू आलं. खरंखुरं, मोकळं हसू.

"मर्व! पुरे आता!"

तिला वाटलं, थट्टा चाललीय.

मी आणखी वेग घेतला.

"मर्व, थांब ना रे!"

यात हसू कमी होतं.

"मर्व!"

यात अजिबात नव्हतं. मग फक्त पावलं. लांब, आणखी लांब. मी रडत होते, ओरडत होते, पण पाय उचलला नाही. टेकाडाच्या चढावर गाडीला हिसका बसला आणि डावं दार धाडकन लागलं.

दार लागलं. सीट दबली नाही.

मोठ्या रस्त्यावर वॉरिक ट्रकला टेकून उभा होता. गाडी बघून लहान पोरासारखा नाचायला लागला. "काय चीज आहे राव! काय चीज आहे!" कॉलिनने गाडीकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली.

"थांबली नाहीस," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"वॉरिक," कॉलिन म्हणाला, "जरा दम धर. मागे काहीतरी राहिलंय. गाडी घेऊन जातो आणि आणतो."

"अख्खं रान घेऊन ये म्हाताऱ्या, ट्रकवर जागा आहे!" वॉरिक हसला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

कॉलिन मागे बसला. पुढची डावी जागा आम्ही रिकामी ठेवली. टेकाडावर पोचलो तसं त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. चाकाखाली घेशील."

तांबड्या मातीत पावलं होती. अरुंद, टाचांच्या बुटांची. फाटकाकडून आलेली. दोन पावलांमधलं अंतर एवढं, की पळाल्याशिवाय पडत नाही. टेकाडाच्या माथ्यावर ती थबकली होती. तिथे माती तुडवलेली होती, माणूस जागच्या जागी गोल फिरून चहूकडे बघतो तशी.

बाबांच्या वेळी पावलं दारापाशी संपली होती. या वेळी ती संपली नाहीत.

रस्ता सोडून ती उत्तरेला वळली होती. खुरट्या झुडपांमधून. घराकडे नाही, रस्त्याकडे नाही. आम्ही दगडाळ जमीन लागेपर्यंत मागोमाग गेलो. पुढे काही दिसेना. मी हाका मारल्या. "आत्या! नोला! चुकलं माझं, ये परत!" डावं दार सताड उघडं ठेवून ऊन उतरेपर्यंत आम्ही उभे राहिलो. किडे पुन्हा ओरडायला लागले होते. कॉलिन एवढा मोठा माणूस, तोंड फिरवून रडत होता.

तेव्हा मला कळलं, की तो तिच्याबरोबर नाचणार होता त्या रात्री. त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गाडी वॉरिक घेऊन गेला.

त्याला मी नंतर दोनदा फोन केला. रात्री काही आवाज? दार आपोआप उघडतं का? "काहीसुद्धा नाही! खटका तर एकदम घट्ट आहे," तो खुशीत म्हणाला. "गाडी अगदी शहाणी आहे तुमची." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात खाली बसले. गाडीत काही नाही, हीच तर रड होती.

बाबांकडे गेले. ते वाटच बघत होते.

"दार लागलं का?"

"लागलं, बाबा."

खोटं नव्हतं ते.

"हौदाच्या फाटकाशीही?"

"हो. लागलं."

बाबांनी डोळे मिटले. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले. शेवटच्या आठवड्यातही तेच विचारत होते, आणि मी तेच सांगत होते.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती.

बरानिला ज्या कंपनीने घेतलं, तिने फाटकं उघडीच टाकली आहेत. मेंढ्याच नाहीत तर लावायची कशाला. पण कॉलिनचा अधूनमधून फोन येतो. त्याच्या उत्तरेच्या शेजाऱ्याला म्हणे एक उघडं ठेवलेलं फाटक सकाळी लावलेलं सापडलं. दोन वेढे, कडी खालून. शेजारी त्यालाच विचारत होता, ही असली गाठ कोण मारतं रे? काही महिन्यांनी त्याच्याही पलीकडच्या रानात. मग त्याच्याही पलीकडे. दर वेळी आणखी उत्तरेला. दर वेळी घरापासून लांब.

मी माझी गाडी घेऊन तिकडे जाते. दिसेल त्या फाटकाशी थांबते, डावं दार उघडते आणि वाट बघते. माझी गाडी पांढरी आहे, जपानी. तिला ती कशी ओळखावी?

गेल्या महिन्यात कॉलिनचा पुन्हा फोन आला. पार उत्तरेला, रानकुत्री अडवायला सरकारने घातलेलं ते लांबच लांब कुंपण आहे ना, तिथून. त्यात एक फाटक आहे. त्याच्यापुढे आमच्यापैकी कुणाचं काही नाही. वाळूच्या टेकड्या, बस.

"साखळी लावलेली आहे, रेलीन," तो म्हणाला. "दोन वेढे. कडी खालून."

निघायचं म्हणून मी गाडीची किल्ली उचलली. तेवढ्यात तो म्हणाला,

"पण पलीकडच्या बाजूने."